दक्षिण युरोपातली जुनी गावं, भाड्याची गाडी आणि आपलं सगळं खटलं: तुमचे अनुभव लिहा

मे महिन्यात आम्ही सहा जण, मी, नवरा, दोन मुलं आणि सासू-सासरे, इटलीत तस्कनीमधे गाडीने आठ दिवस फिरून आलो. तिकडे स्पेन, पोर्तुगाल, इटलीच्या जुन्या गावांतून घरच्यांना घेऊन स्वतः गाडी चालवलेल्यांनी इथे लिहा. टूरबरोबर गेलेल्यांचा धागा वेगळा काढू, इथे स्टिअरिंग धरलेलेच हवेत. सुरुवात मीच करते.

ऑटोमॅटिक फार महाग पडत होती म्हणून मॅन्युअल सात सीटर घेतली. गिअर उजव्या हाताला हे दोन तासांत जमलं, पण इंडिकेटर डावीकडे आणि वायपर उजवीकडे हे काही हाताला कळेना, त्यामुळे प्रत्येक वळणावर कडकडीत उन्हात कोरड्या काचेवर वायपर करकरायचे आणि मागून सासरे विचारायचे "पाऊस आला का गं?" सान जिमिन्यानोला एके काळी बहात्तरेक मनोरे होते, आता 14 उरलेत, श्रीमंत घराणी एकमेकांवर कुरघोडी करायला उंचच उंच बांधत सुटली होती. सासरे म्हणाले, आपल्याकडे भाऊबंदकीत मधे भिंत घालतात, यांनी मनोरे घातले.

घोळ झाला तो सिएनात. पांढरी गोल पाटी, लाल कडा, दिसली मला, पण जीपीएस पुढेच जा म्हणत होता आणि सासरे म्हणाले "चल गं, सगळे जातायत की". सगळे म्हणजे तिथले रहिवासी, त्यांना परवाना असतो! तो झेडटीएल, म्हणजे जुन्या गावठाणात बाहेरच्या गाड्यांना बंदी, आणि पोलीस वगैरे कोणी अडवत नाही, नुसता कॅमेरा. तीन मिनिटांत दोन कॅमेऱ्यांखालून गेलो. चार महिन्यांनी आधी गाडीवाल्या कंपनीने कार्डावरून 'प्रोसेसिंग'चे पैसे कापले, मग दंडाचं पत्र आलं. एक आलंय आत्तापर्यंत. पण पिआत्झा देल काम्पो बघून सगळा राग गेला, अख्खा चौक शिंपल्यासारखा एका बाजूला उतरता, विटांचे नऊ भाग पाडलेला, आणि सगळे जिथे जागा मिळेल तिथे जमिनीवर बसलेले. सासूबाईंनी तिथेच फतकल मारून धपाट्यांचा डबा उघडला.

*

झेडटीएलच्या पाटीखाली दिव्याची पट्टी असते, 'वार्को आत्तीवो' लिहून आलं की कॅमेरा चालू. मी 'आत्तीवो' हे 'आत या' असंच वाचलं आणि गेलो आत :) हॉटेल झेडटीएलच्या आत असेल तर गाडीचा नंबर त्यांना आधी कळवा, ते नोंद करून घेतात. आणि दंड वेळेत भरा, नोटीस मिळाल्यापासून 5 दिवसांत भरला तर 30 टक्के सूट मिळते.

*

आम्ही जर्मनीत राहतो, मुलांच्या सुट्टीमुळे आंदालुसियाला (दक्षिण स्पेन) ऑगस्टमधेच जावं लागलं, तुम्ही जाऊ नका. कोर्दोबात चाळिशीच्या वर पारा, दुपारी कुत्रंही रस्त्यावर नाही. मशिदीत (आता कॅथेड्रल आहे, 1236 नंतरचं) शिरलो आणि एकदम गारवा, अंधार, लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या कमानी. खांब आठशे छप्पन्न. मोठीने मोजायला घेतले, 112 ला चुकली, परत सुरुवात, मग नाद सोडला. पण तिच्याच लक्षात आलं की खांब एकसारखे नाहीत. ते जुन्या रोमन आणि व्हिसिगॉथ (मुसलमानांच्या आधीचे तिथले राज्यकर्ते) इमारतींतून उचलून आणलेले, कोणी बुटका कोणी उंच, आणि तेवढ्याने छत उंच होईना म्हणून कमानीवर कमान चढवलीय. म्हणजे जुगाडच, पण काय जुगाड!

जेवणाचे हाल मात्र फार. रात्री साडेआठशिवाय हॉटेलांची किचन उघडत नाहीत आणि आमची धाकटी आठला टेबलावर डोकं ठेवून झोपलेली. तिसऱ्या दिवसापासून अपार्टमेंटमधे मऊभात-मेतकूट सुरू केलं, सातला जेवून नऊला फिरायला बाहेर, तेव्हा तिथली आजी-आजोबा-नातवंडं सगळी चौकात. अल्हाम्ब्राचं (ग्रानादातला जुना किल्ला) म्हणाल तर आतल्या नासरी सुलतानांच्या महालांच्या तिकिटावर वेळ छापलेली असते आणि दारात पासपोर्ट बघतात. आमचे पासपोर्ट गाडीत, गाडी पार्किंगात. नवरा उन्हात जो पळालाय! रोंदाचा पूल (1793 चा, खाली 98 मीटर दरी) बघताना कोणाच्यात बोलायचंही त्राण नव्हतं, फोटो काढले आणि निघालो.

*

मी सावंतवाडीचा, आईला (वय 71) घेऊन पोर्तुगालला गेलो होतो. एव्होराच्या मंडईत आईने बटाट्याच्या ढिगावरची पाटी मोठ्याने वाचली, बतातास, आणि माझ्याकडे बघून म्हणाली "हे आपलंच की रे". म्हटलं आई, आपलं नव्हे, आपण त्यांचं घेतलंय. मग दिवसभर तोच खेळ, पाव त्यांचा, चावी त्यांची, घमेलं, परात, पगार, लिलाव, नाताळ, एवढंच काय हापूससुद्धा आफोंसो या त्यांच्या नावावरून. रात्री झोपताना म्हणाली "मग आपलं काय उरलं?" थोड्या वेळाने स्वतःच म्हणाली, "आंबा."

तिथे हाडांचं चॅपल आहे, भिंती माणसांच्या कवट्यांनी आणि हाडांनी लिंपलेल्या. दारावर लिहिलंय त्याचा अर्थ असा की आम्ही हाडं इथे आहोत, तुमच्या हाडांची वाट बघतोय. आईला सांगितलं. ती म्हणाली "वाट बघा म्हणावं, आमचं अजून लिस्बन राहिलंय."

गाडी तटाबाहेर लावून आत चालत जा, आत रस्ते इतके अरुंद की आरसे मिटून जावं लागतं. पण ज्येष्ठांना रबरी सोलचे बूट हवेतच, तिथले फरशीचे दगड झिजून गुळगुळीत झालेत. आणि काही हायवेंवर टोलनाकाच नाही, वर कॅमेरे असतात, तेव्हा गाडी घेताना टोलचं यंत्र आहे का ते विचारून घ्या.

*

इटलीत पंपावर 'गासोलिओ' म्हणजे डिझेल. पेट्रोल म्हणजे 'बेंझिना'. हे मला पुलियात (दक्षिण इटलीतला प्रांत) पेट्रोलच्या गाडीत गासोलिओ भरल्यावर कळलं. दुपारी एक वाजता, म्हणजे गॅरेजवाला जेवून झोपायला गेलेला. आल्बेरोबेल्लो गाव बघायचं त्यातच बुडालं.

मातेराला संध्याकाळी पोचलो. ही गुहांतली घरं, माणसं आणि खेचरं एकाच खोलीत राहायची, शेवटी 1952 चा कायदा करून सरकारने त्यांना बाहेर हलवलं. 1993 ला जागतिक वारसा झाल्या, आता त्याच गुहांत झकपक हॉटेलं, आम्हीही एका रात्रीला भरमसाट मोजले. एक घर जुन्यासारखं मांडून ठेवलंय, उंच पलंग आणि पलीकडे जनावर. बाबा बराच वेळ तिथेच उभे. म्हणाले, आमचा गोठा ओटीला लागूनच होता, रात्री म्हशीचं रवंथ ऐकू यायचं. मग त्यांनी त्या पलंगाचा नाही, गव्हाणीचा फोटो काढून घेतला.

*

आरटीओचं आयडीपी (आंतरराष्ट्रीय ड्रायव्हिंग परमिट) लागतं का? नवऱ्याचं म्हणणं, आपलं लायसन्सचं स्मार्ट कार्ड चालतं.

*

धागाकर्ती: इटलीत लागतं, आरटीओत मिळतं, एक वर्ष चालतं, मूळ लायसन्सही बरोबर ठेवा. आणि अपडेट, सिएनाचा दुसरा दंड परवा आला. सासऱ्यांना सांगितलेलं नाही, ते सध्या स्पेनचे नकाशे बघतायत.