२०११ची होंडा सिटी, मीटरवर ७८ हजार, एमएच-१० पासिंग. घेऊ का?

नाशिकचा_नवखा
नमस्कार मंडळी. घरात आम्ही दोघं, मुलगी आणि आई-बाबा, आत्ताच्या छोट्या गाडीत बाबांचे गुडघे पार डॅशबोर्डला टेकतात म्हणून सेडान बघतोय, बजेट अडीच लाखाच्या आतबाहेर. एक सिटी बघितली, १.५ आय-व्हीटेक, मॅन्युअल, नोव्हेंबर २०११चं पासिंग, पार्टी तिसरी मालक, दोन वर्षांपासून नाशिकमध्ये वापरतेय. २.४० सांगतायत. बॉडी चकाचक, इंजिन तर एवढं गप्प की चालू आहे की बंद तेच कळत नाही. एमपरिवहन या सरकारी ॲपवर नंबर टाकून बघितलं तर इंधनाच्या जागी पेट्रोल/सीएनजी येतंय पण डिकीत टाकी नाही, विचारलं तर म्हणाले आधीच्याने काढून घेतली. सगळे म्हणतात होंडाचं इंजिन म्हणजे डोळे झाकून घे. घेऊ का?

सातपूरचा_मिस्त्री
डोळे झाकून तर मी सायकल पण घेत नाही भाऊ. इंजिन चांगलंच आहे ते, टायमिंग चेन आहे, बेल्टची भानगड नाही, ऑईल वेळेवर बदललेल्या गाड्या दोन-अडीच लाख किमी निवांत जातात. पण तू गाडी घेतोयस, कंपनीचं नाव नाही.

आता ते गप्प इंजिन. या इंजिनाचे टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणारे भाग, हाताने सेट करावे लागतात, हलकी टिकटिक असलेलं मला उलट बरं वाटतं. सीएनजीवर खूप पळाली आणि टॅपेट बघितलेच नाहीत की व्हॉल्व्हची सीट झिजते, व्हॉल्व्ह आत सरकतो, टॅपेटचा गॅप कमी कमी होत जातो आणि आवाज बंद होतो, मालक खुश. पुढे व्हॉल्व्ह नीट बसतच नाही, कॉम्प्रेशन म्हणजे सिलिंडरमधला दाब गळतो, सकाळी थंड स्टार्टला गाडी मिसिंग करते आणि मग हेड खोलायची वेळ येते. म्हणजे तुझी तशीच आहे असं नाही हां, टॅपेट नुकतेच सेट केलेले पण असू शकतात. कॉम्प्रेशन टेस्ट कर, चारही सिलिंडरचे आकडे जवळजवळ हवेत, एखादा बराच खाली असला तर सोड.

दुसरं म्हणजे ७८ हजार. कमी चालणाऱ्या गाडीला कोण पैसे घालून सीएनजी बसवतो रे? क्लच पेडलचा रबर, स्टेअरिंगचं कव्हर काढून खालचं लेदर, ड्रायव्हर सीटची दाराकडची कड बघ, हे मीटरसारखं मागे फिरवता येत नाही. टायरवर तो कधी बनला ते सांगणारा चार आकडी कोड असतो, २३१८ म्हणजे २०१८चा तेविसावा आठवडा. आणि बघायला जाशील तेव्हा आधी बॉनेटला हात लाव, गरम असेल तर त्यांनी आधीच चालू करून ठेवलीय, चहा पी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत जा. स्टार्ट करताना कुणाला तरी मागे उभं कर, निळा धूर म्हणजे ऑईल जळतंय. सकाळी थोडी पांढरी वाफ चालते, गरम झाल्यावरही पांढरा धूर येत राहिला आणि कुलंट कमी होत असेल तर हेड गॅस्केटचा संशय.

कृष्णाकाठ
एमएच-१० वाचून थांबलो, मी सांगलीचाच. गाडी इथं कधीपर्यंत होती ते आधी काढा. ऑगस्ट २०१९च्या पुरात इथल्या कितीतरी पार्किंगमधल्या गाड्या बुडाल्या, त्यातल्या बऱ्याच धुऊनपुसून लांबच्या गावाला विकल्या गेल्या. (चिपळूणचं २०२१चं पण तेच, त्यामुळे एमएच-०८ असली तरी हेच सांगितलं असतं.) सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, आतल्या टोकाला मातीची रेघ दिसते, तिथं धुवायचं कुणाच्या डोक्यात येत नाही. स्टेपनी काढून खालचा खड्डा, सीटच्या रेलचे बोल्ट, कार्पेटखालचा फोम, सगळं बघा. आणि फारच उग्र सुगंधी परफ्यूम मारलेला असेल तर एसी बंद करून काचा लावून दहा मिनिटं बसा, नाकच सांगेल.

हिशेबी_पुणेकर
गाडीपेक्षा कागद बघा जरा!! आरसी नोव्हेंबर २०२६पर्यंतच आहे, त्यानंतर फिटनेस करून पाच वर्षांसाठी रिन्यू, त्याची सरकारी फीच पाच हजार, पर्यावरण कर वेगळा, आणि पासिंगला न्यायच्या आधी लाईट, टायर, डेंटिंग यात जाईल ते वेगळंच. टाकी काढलीय पण आरसीवर सीएनजी तसंच आहे, म्हणजे ते पण आरटीओतून दुरुस्त करून घ्यायचं, तेही त्यांच्याच खर्चाने आणि पैसे द्यायच्या आधी. विम्याची पॉलिसी मागा आणि त्यावर एनसीबी, म्हणजे क्लेम न केल्याबद्दलची सूट, किती ते बघा, एक वर्ष क्लेम नसेल तर २०, दुसऱ्याला २५, असं पाच वर्षांत ५० टक्क्यांवर जातं. दोन वर्षं वापरतायत आणि एनसीबी शून्य असेल तर का शून्य ते विचारा, नुसता थर्ड पार्टी असेल तर मात्र ते कळायचं नाही. आणि या वयाच्या सिटीला टाकाटा कंपनीच्या सदोष एअरबॅगचा रिकॉल होता, चासी नंबर टाकून होंडाच्या साईटवर बघता येतं, राहिला असेल तर फुकट बदलून मिळतं. बाबा पुढे बसणार ना? मग हे आधी.

माझं मत विचाराल तर याच पैशात थोडी नवी इटियॉस बघा. दिसायला अगदीच सरकारी आहे पण मागे पाय सोडून बसता येतं.

नाशिकचा_नवखा
बापरे, एवढं डोक्यातच नव्हतं. काल परत गेलो. बेल्ट, स्टेपनीचा खड्डा, कार्पेट सगळं कोरडं आणि स्वच्छ, पुराचं काही वाटलं नाही. एनसीबी २५ आहे, म्हणजे यांच्याकडे तरी क्लेम नाही. एअरबॅग बदललेली आहे. मग पार्टीलाच घेऊन सर्व्हिस सेंटरला गेलो, जुनी हिस्टरी काढली तर २०१७च्या जॉबकार्डवर १ लाख १२ हजार!! पार्टीचा चेहराच उतरला, म्हणे मी घेतली तेव्हा ६५ होतं, आणि खरं सांगू तर मला तो माणूस खोटा वाटला नाही. कॉम्प्रेशन टेस्टला पण लगेच हो म्हणाला. आता काय करू?

सातपूरचा_मिस्त्री
२०१७ला १.१२ म्हणजे आज दोन लाखाच्या पुढे धर. टेस्ट कर आणि टॅपेट उघडून गॅप मोजून घे. दोन्ही चांगलं निघालं तर दोन लाख चाललेल्या गाडीचा भाव दे, क्लचप्लेट, लोअर आर्मचे बूश, शॉकअप याचे पैसे त्यातून वजा करून. टेस्टमध्ये एक सिलिंडर जरी पडला तर चहाचे पैसे देऊन निघ.

हिशेबी_पुणेकर
१.५०च्या वर एक रुपया नाही, आणि टोकन तर आरसी दुरुस्त झाल्याशिवाय अजिबात नाही.

कृष्णाकाठ
१.५० जास्तच होतात ओ. बाकी टेस्टचे आकडे आले की इथंच टाका, मी पण एक तसलीच बघतोय.