दावोसमध्येच घर घ्यावं की खाली खोऱ्यात राहावं?

हिमरेषा (प्रश्न)
स्वित्झर्लंडमध्ये दावोसला वर्षभराची नोकरी ठरली आहे, बी परमिट (तिथला राहण्याचा परवाना) मिळतंय. आम्ही दोघं, गाडी नाही. डोंगर दारात हवा म्हणूनच हे गाव निवडलंय, पण भाडी बघून धीर होत नाही. गावातच लहान फ्लॅट घ्यावा की क्लोस्टर्स, क्यूब्लिस, शीअर्सकडे उतरावं? एक फ्लॅट मे ते नोव्हेंबर स्वस्तात मिळतोय. तो घेऊन पुढचं शोधावं का?

खोरेकर
मे ते नोव्हेंबरवाला सोडून द्या. मुदतीचा करार मुदत संपली की नोटिशीशिवाय संपतो, आणि मालकाला हिवाळ्यात तो पर्यटकांना द्यायचा असतो. ऐन हंगामाच्या तोंडावर, घरं सर्वांत कमी असताना, तुम्ही पुन्हा शोधाशोध करत बसाल. बेमुदत करारच मागा. त्यातून नोटिशीची मुदत न पाळता निघायचं झालं, तर त्याच अटी मान्य असलेला आणि भाडं झेपणारा दुसरा भाडेकरू पुढे केला की तुम्ही मोकळे. अनामत तीन महिन्यांच्या भाड्याहून जास्त मागता येत नाही, आणि ती तुमच्याच नावाच्या बँक खात्यात ठेवावी लागते.

इमारत कधीची आहे हेही विचारा. ११ मार्च २०१२ च्या जनमतानंतर, जिथे २० टक्क्यांहून जास्त घरं सुट्टीची आहेत तिथे नवी सुट्टीची घरं जवळपास बंद झाली. जुन्या घरांना मात्र मोकळीक राहिली. वर्षानुवर्षं गावकऱ्याला भाड्याने दिलेला जुना फ्लॅटही मालक सुट्टीचं घर म्हणून विकू शकतो. उलट २०१२ नंतर ‘एर्स्टवोनुंग’ (मुख्य राहतं घर) म्हणून नोंदलेल्या घरात कायमचा रहिवासीच लागतो, त्यामुळे तिथे तुम्ही जास्त सुरक्षित.

रुळावरून
नुसतं भाडं तोलू नका. क्लोस्टर्स स्वतःच पर्यटनाचं गाव आहे, तिथे फारसं वाचणार नाही. खरा फरक क्यूब्लिसपासून खाली. पण खोऱ्याच्या तोंडाशी असलेल्या लांडक्वार्टपासून दावोस रेल्वेने तासाहून जास्त. महिन्याला २० दिवस कामाचे धरले तर जाण्यायेण्यातच ४० तासांवर जातात, आणि ज्या डोंगरासाठी आलात तो शनिवार-रविवारपुरता उरतो. क्लोस्टर्सहून साधारण अर्धा तास. भाड्यातली बचत वजा दोघांचे पास, भागिले हे तास: तो आकडा समोर ठेवा. त्याआधी पहाटेची पहिली आणि रात्रीची शेवटची गाडी शिफ्टला जुळते का ते बघा. हॉटेल किंवा रुग्णालयातली नोकरी असेल तर निर्णय तिथेच होऊन जातो.

आणखी एक. ‘नेबनकोस्टन’ (हीटिंगसारखे भाड्यावरचे खर्च) आगाऊ अंदाजाने घेतात की ठोक, हे करारात वाचा. १५६० मीटरवर हीटिंग लांबलचक चालतं. अंदाजाने असेल तर वर्षाअखेर फरकाचं बिल येतं. गेल्या दोन वर्षांचा हिशेब मागून घ्या.

सूर्यमुखी
ऊन तपासल्याशिवाय सही करू नका, उन्हाळ्यात घर बघाल तर फसाल. २१ डिसेंबरला भर दुपारीही सूर्य क्षितिजावर जेमतेम २० अंश असतो. दक्षिणेला १ किलोमीटरवर घरापेक्षा ३६५ मीटर उंच कडा असला की त्या दिवसांत घरात ऊनच नाही. फोनच्या कोनमापकाने बाल्कनीतून कड्याचा कोन मोजा. माझ्या मते उन्हातली एक खोली सावलीतल्या दोन खोल्यांपेक्षा केव्हाही बरी.

हिमरेषा
मग गावात, २०१२ नंतरच्या इमारतीत शोधते. जानेवारीत इथे भरणाऱ्या जागतिक आर्थिक मंचाच्या आठवड्यात फ्लॅट पोटभाड्याने देऊन भाडं भरून काढता येतं का?

खोरेकर
मालकाची संमती लागते. न विचारता दिलात तर करार जाऊ शकतो, आणि स्वतःच्या भाड्यापेक्षा अवाजवी रक्कम घेतलीत तर मालकाला नकाराचा हक्क आहे. बजेटमध्ये ही रक्कम शून्य धरा. शिवाय त्याच आठवड्यात नोकरी गावात आणि तुम्ही गावाबाहेर, तर मुक्कामाची सोय आधी लागेल.