रोज बाहेरचंच खाणं, फायबर आणायचं कुठून?

सातबेचाळीसची_विरार
सकाळी चहा बिस्कीट, दुपारी ऑफिसखाली सँडविच नाहीतर वडापाव, रात्री रूमवर यायला दहा वाजतात मग पाकिटातले नूडल्स. दोन-दोन तीन-तीन दिवस पोट साफ होत नाही. ब्राऊन ब्रेड सुरू केला, रात्री चमचाभर इसबगोल पण घेतो, फरक शून्य. रोज २५-३० ग्रॅम फायबर पाहिजे म्हणतात, रूमवर स्वयंपाक होत नाही, कसं जमवता तुम्ही लोक?

गिरगावची_मावशी
अरे बाळा, ब्राऊनच्या रंगावर जाऊ नको, पाकीट उलटं करून बघ. जे सगळ्यात जास्त ते आधी लिहायचं असा नियम आहे, पहिलंच नाव मैद्याचं निघालं तर तो मैद्याचाच पाव, रंग कॅरॅमलने पण येतो. वडापाव सोड म्हणणार नाही, तू सोडणार नाहीस. पण आठवड्यातून तीनदा उसळपाव घे की, पाव तोच पण मटकी नाहीतर चवळी तरी पोटात जाते. रात्री स्टेशनजवळच्या पोळीभाजी केंद्रातून ज्वारीची भाकरी आणि पालेभाजी ने, नूडल्स शिजवण्याइतका पण वेळ लागत नाही. आणि पेरू! १०० ग्रॅमला ५ ग्रॅमच्या आसपास फायबर, सालीबियांसकट खायचा.

डोंबिवली_फास्ट_पोट_स्लो
मावशी बरोबर, पण हळूहळू वाढव रे. मी जोशात राजमा, ओट्स, कोंड्याची पोळी सगळं एकाच सोमवारी चालू केलं, गुरुवारी पोट इतकं फुगलं की गर्दीत उभं राहवेना, घाटकोपरलाच उतरलो. आणि इसबगोल किती पाण्यात घेतोस? भरपूर पाणी लागतं त्याला, दोन घोटांत ढकललंस तर उलट घट्ट होतं, घशात पण अडकू शकतं.

चाळकरी
उपासाची साबुदाणा खिचडी यात धरू नका कोणी, तो निव्वळ स्टार्च. रक्त पडत असेल किंवा वजन उतरत असेल तर इथे विचारत बसू नकोस, डॉक्टर गाठ.

सातबेचाळीसची_विरार
नाही नाही, रक्त वगैरे काही नाही. पाण्याचं मात्र पकडलंत, ट्रेनमध्ये टॉयलेटचे वांदे म्हणून मी सकाळपासून पाणीच पीत नाही, इसबगोल पण अर्ध्या कपात. आज तिखटमीठ लावलेला पेरू घेतला, गोरेगावपर्यंत दातातल्या बियाच काढत होतो.