मदत हवी आहे : एआय थांबवा म्हणायचं, पण नेमकं काय?

मंडळी, अकरावीतल्या भाचीच्या वाट्याला वादविवाद स्पर्धेत 'एआयची ताकद वाढवणं थांबवून आधी सुरक्षेचं काम करा' ही बाजू आलीय. मार्च २०२३ चं खुलं पत्र वाचलं: ओपनएआय कंपनीच्या जीपीटी-४ पेक्षा ताकदवान एआय मॉडेलचं प्रशिक्षण निदान सहा महिने थांबवा. नामवंत एआय संशोधक योशुआ बेंजिओंची सही, इलॉन मस्क यांचीही. (मस्कनी त्याच वर्षी स्वतःची एआय कंपनी काढली, प्रतिपक्ष हे सोडतोय होय!)

घोडं अडलंय पुढे. माणसांच्या पसंतीवरून मॉडेलला वळण लावायची पद्धत २०१७ मध्ये पुढे आणणाऱ्यांत सुरक्षेवर काम करणारेच होते. आणि २०२२ मध्ये चॅटजीपीटी लोकांना वापरण्याजोगं झालं, त्यात तिचाच मोठा वाटा. मग हे काम सुरक्षेचं की ताकदीचं? भाचीने वहीत दोन रकाने आखलेत; हा मुद्दा दोन्हीकडे लिहून दोन्हीकडे खोडलाय.

१९७४ साली शास्त्रज्ञांनी काही जनुकीय प्रयोग आपणहून थांबवले, १९७५ च्या कॅलिफोर्नियातल्या असिलोमार परिषदेत नियम ठरवले. तो दाखला इथे टिकेल? मला तर लंगडा वाटतो, इथे कंपन्यांची शर्यत आहे. या क्षेत्रातलं कुणी आहे का इथे? स्पर्धा रविवारी आहे.