सर्पदंशाच्या पेशंटचा हॉस्पिटल स्टे: मीन लिहू की मिडीयन?

पीजी_दुसरंवर्ष:
मंडळी थेसिसचं चालूए आणि डोकं पार भंजाळलंय. सर्पदंशाचे पेशंट किती दिवस अ‍ॅडमिट राहतात ते काढतोय. पायलटमधले (आधीच्या छोट्या चाचणीतले) ११ जण, दिवस असे: २, ३, ३, ३, ४, ४, ५, ५, ६, ७ आणि ४६. शेवटची म्हणजे घोणस चावलेली एक बाई, किडन्या बसल्या, डायलिसिस झालं, पण बरी होऊन गेली घरी. एक्सेल म्हणतंय सरासरी, म्हणजे मीन, ८ दिवस. आता ८ दिवस तर कुणीच राहिलं नाही, दहा जण त्याच्या आतच डिस्चार्ज! सर म्हणतात ४६ आउटलायर आहे, बाकीच्यांपासून फारच लांबचा आकडा, काढून टाक. काढू का?

आकडेमोड_काका:
अजिबात काढू नकोस. टायपिंगमध्ये ४ चं ४६ झालं असतं तर गोष्ट वेगळी, ही बाई खरंच तेवढे दिवस कॉटवर होती ना? मिडीयन दे. ओळीत लावल्यावर मधला, म्हणजे सहावा आकडा, ४. ती ९० दिवस राहिली असती तरी ४ च. सोबत आयक्यूआर, म्हणजे मधले निम्मे पेशंट ज्या टप्प्यात येतात तो, ३ ते ६. नुसतं मीन आणि एसडी (आकडे मीनभोवती किती पसरलेत त्याचं माप) लिहिलंस तर ८ ± १२.७ होतंय, एक एसडी खाली गेलं की पेशंट उणे पावणेपाच दिवस अ‍ॅडमिट! एक्स्टर्नल परीक्षक तिथेच धरणार.

वॉर्डवाली_सिस्टर:
काका बरोबर, पण मीनला एवढंही हिणवू नका. खाटा मोजायच्या तर तोच लागतो. अकरा अठ्ठे अठ्ठ्याऐंशी, खरंच तेवढे दिवस खाटा अडल्या होत्या. मिडीयन धरला तर अकरा चोक चव्वेचाळीस, निम्म्या खाटा गायब, आणि त्या एकटीनेच ४६ घेतलेत हो, बाकी दहा जणांनी मिळून ४२. नातेवाईक विचारतात ना 'सिस्टर किती दिवस लागतील', त्यांना मिडीयन. स्टोअरला सलाईनचा इंडेंट द्यायचा तर मीन.

पीजी_दुसरंवर्ष:
हे डोक्यातच आलं नव्हतं. मग दोन्ही देतो. आणि मोड, सगळ्यात जास्त वेळा आलेला आकडा? ३ येतोय.

आकडेमोड_काका:
मोड इथे सोड. कुठला साप, हाताला चावला की पायाला, असल्या डेटाला तो ठीक.

दुपारचा_चहा:
मिडीयनवरून आठवलं, स्टीफन जे गूल्ड, तो उत्क्रांतीवर लिहिणारा अमेरिकन. १९८२ मध्ये त्याला पोटाचा मेसोथेलिओमा नावाचा कॅन्सर निघाला आणि पुस्तकात मिडीयन सर्व्हायव्हल ८ महिने. कुणीही हातपाय गाळले असते, हा म्हणतो निम्मे ८ महिन्यांत जातात ठीक आहे, पण उरलेल्या निम्म्यांना वर कुंपणच नाही, आलेखाचं शेपूट लांबच लांब जातंय. त्या शेपटात आपण का नसू? २००२ पर्यंत जगला, आणि गेला तो दुसऱ्याच कॅन्सरने. तुझी ४६ वाली पण त्या शेपटातलीच, फक्त तिचं शेपूट वाईट बाजूचं.

पीजी_दुसरंवर्ष:
भारी. सोमवारी सरांना दाखवतो. ४६ काढत नाही म्हटल्यावर मलाच काढतील बहुतेक.