पोटाच्या मोठ्या ऑपरेशनात सलाईन किती, आणि कशावरून ठरवायचं?

भूलतज्ज्ञ, बेळगाव:
गेल्या महिन्यात खानापूरकडच्या एका आजींचं आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. बीपी उतरलं की आरएलची (रिंगर लॅक्टेट, एक प्रकारचं सलाईन) बाटली, लघवी कमी दिसली की अजून एक. जुनी सवय. चार तासांत चार लिटर गेलं, आणि ते मीच दिलं. तिसऱ्या दिवशी पायावर बोट दाबलं तर खड्डा भरून येईना. पाचव्या दिवशी कुठे वारा सरला. आतड्यालाही सूज येते हो, ती दिसत नाही एवढंच. ऑपरेशनच्या ताणात हार्मोनमुळेही लघवी आटते. तिच्यामागे बाटल्या ओतत सुटणं चूक. आर्टरी लाईन (बीपी सतत मोजणारी धमनीतली नळी) टाका, 250 मिली द्या, हृदय दर ठोक्याला फेकतं ते रक्त 10 टक्क्यांनी वाढलं तरच पुढचं. नाही वाढलं आणि बीपी कमीच असेल तर नॉरअॅड्रेनालिन, म्हणजे रक्तवाहिन्या आवळून बीपी चढवणारं औषध.

सर्जन, निपाणी:
सर, पटलं नाही. सलाईन हात आखडून दिल्यानं किडनी बसलेले पेशंट मी पाहिलेत. 2018 ची रिलीफ चाचणी बघा की, सुमारे 3000 रुग्ण. आखडून दिलेल्यांत किडनीला इजा 8.6 टक्के, सढळ दिलेल्यांत 5. आणि दर ठोक्याचं रक्त मोजणारा तुमचा मॉनिटर? त्यावरच्या 2024 च्या ऑप्टिमाइज-2 चाचणीत 2502 रुग्ण होते, जंतुसंसर्ग काही कमी झाला नाही. त्याच्या सेन्सरचं बिल आमच्या विडी कामगार बाईनं का भरायचं?

भूलतज्ज्ञ, बेळगाव:
कोरडं ठेवा असं मी म्हटलंच नाही. रिलीफमध्ये 24 तासांत एकीकडे साधारण 3.7 लिटर, दुसरीकडे 6.1. मला मधलं हवंय, पण त्या पेशंटपुरतं मोजून. सेन्सरचं मान्य. साध्या आर्टरी लाईनवरही पल्स प्रेशरचा (वरच्या-खालच्या बीपीतल्या फरकाचा) व्हेंटिलेटरच्या श्वासागणिक होणारा चढउतार दिसतो, साधारण 13 टक्क्यांच्या वर गेला तर पाण्याचा उपयोग होईल.

सर्जन, निपाणी:
ठोके अनियमित असले तर? व्हेंटिलेटरचा श्वास लहान ठेवला असेल तर? दुर्बिणीसाठी पोटात गॅस भरला असेल तर? तिन्हीत तो आकडा फसवतो. आणि आमच्याकडे अर्धी पोटं दुर्बिणीनंच.

वॉर्ड सिस्टर, बेळगाव:
दोघांनाही विचारते. थिएटरमधून पेशंट येतो तेव्हा किती सलाईन गेलं हे कागदावर नसतं. मग जुन्या ऑर्डरप्रमाणे तासाला 100 मिली आम्ही सकाळपर्यंत चालू ठेवतो. सर, तुमच्या त्या आजींना चार लिटरच्या वर रात्रीत किती गेलं, कुणी मोजलं का?