क्यूशो: हाडवैद्याची विद्या
क्यूशो म्हणजे जपानी युद्धकलांतली शरीरावरची मर्मस्थानं. काही जण म्हणतात की क्यूशोवर एक बोट दाबलं की माणूस आडवा. इतकं सोपं नाही हो!

नावं काव्यात्म असली तरी जागा अगदी साध्या आहेत. सुइगेत्सु म्हणजे पाण्यातला चंद्र, पण जागा कुठली, तर छातीच्या हाडाखालची खळगी. तिथे फटका बसला की श्वासपटल आखडतं आणि क्षणभर श्वासच घेता येत नाही. (कबड्डीत कुणाचं कोपर तिथे लागलं असेल तर जास्त सांगायला नको.) कासुमी, म्हणजे धुकं, ही कानशिलाची जागा. जिंचू ही नाकाखालची खाच. गंमत म्हणजे बेशुद्ध माणसाला शुद्धीवर आणायला चिनी वैद्यकात हीच जागा दाबतात.

मला यातला हा दुसरा भागच जास्त रंजक वाटतो. जुन्या जुजुत्सू (जपानी निःशस्त्र झुंजीची कला) शाळांत मारण्याबरोबर काप्पो, म्हणजे शुद्धीवर आणायची विद्याही शिकवत. कित्येक गुरू पोटापाण्यासाठी हाडवैद्यकी करायचे. ज्युदोचे संस्थापक जिगोरो कानो तरुणपणी जुजुत्सूचा गुरू शोधत होते तेव्हा हाडवैद्यांकडेच चौकशी करत फिरले, आणि १८७७ च्या सुमारास त्यांना फुकुदा हाचिनोसुके भेटले, तेही हाडवैद्यच.

पुढे १८८२ मध्ये कानोंनी ज्युदो सुरू केला. त्यात मर्मावरचे आघात, म्हणजे आतेमी, फक्त ठरावीक कातांपुरते, म्हणजे आधीच ठरलेल्या हालचालींच्या सरावापुरते उरले. सरावाच्या झुंजीत आणि स्पर्धेत त्यांना मनाई. कारण उघड आहे: हलणाऱ्या, प्रतिकार करणाऱ्या माणसावर बोटभर जागा नेमकी साधणं कठीण, आणि साधलीच तर सरावाला जोडीदार उरायचा नाही.